मनगट, बोटं, पंजा: हाताच्या दुखण्यांचे अनुभव लिहा

आईच्या मनगटाचं प्लास्टर निघालं. हाड जुळलंय, पण मूठ पूर्ण वळत नाही, आणि घरी येणारा प्रत्येक जण "चला, सुटलात!" म्हणतो. पाय मोडला की माणसाला जागेवर ताट मिळतं. हात मोडलेली बाई चालती-फिरती दिसते, म्हणून तिच्याकडून कामाच्या अपेक्षा तशाच राहतात. मला याचा फार त्रास होतो. मनगट, बोटं, कोपराखालचा हात, ज्यांना जे झालं त्यांनी लिहा. निदान कसं झालं, रोजचं काय काय पुन्हा जमू लागलं, हे तपशिलात हवंय. गोळ्यांची नावं नकोत.

निवृत्त शिक्षिका, सातारा
माझंही तेच, कॉलिस फ्रॅक्चर, म्हणजे मनगटाजवळ हाताचं हाड मोडणं. ओल्या अंगणात घसरले आणि तळहात टेकला. डब्लिनचे सर्जन अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली याचं वर्णन केलं, म्हणजे एक्स-रेचा शोध लागायच्या ८१ वर्षं आधी!

प्लास्टर ६ आठवडे होतं. बोटं आणि खांदा पहिल्या दिवसापासून हलवत राहिले, म्हणून ते आखडले नाहीत. अडलं वेगळीकडेच: हात उताणा होईना. देवळात तीर्थासाठी पंजा पुढे केला की तो आडवाच राहायचा आणि पाणी करंगळीवरून ओघळून जायचं. फिजिओताईंनी कोपर कुशीला टेकवून हातात लाटणं उभं धरायला लावलं. ते सावकाश बाहेरच्या बाजूला झुकवायचं, कळ आली की थांबायचं. जोडीला कोमट पाण्यात नॅपकिन पिळणं. आधी कपबशी जमली, मग चहाचं पातेलं. भरला कुकर सगळ्यांत शेवटी. साध्या पडण्यानं हाड मोडलं म्हणून हाडांची घनता तपासली, ती कमी निघाली. आईचीही तपासून घ्या.

बाळाची आई, पिंपरी
बाळाला काखेत धरून उचललं की अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत कळ जायची. डॉक्टरांनी अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवायला सांगितलं, आणि मी ओरडलेच. डी क्वेर्व्हेन, म्हणजे अंगठा हलवणाऱ्या कंडरांच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) आवरणाला सूज. अंगठ्यासकट पट्टा लावला. आता बाळाच्या ढुंगणाखाली आणि पाठीखाली तळहात सरकवून उचलते. पट्ट्याइतकाच याचाही उपयोग झाला.

दुचाकीवाला, नागपूर
गाडी घसरली, मनगट सुजलं, एक्स-रे साफ. "मुरगळलंय" म्हणून क्रेप बँडेज बांधून घरी पाठवलं. अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी खळगा दिसतो ना, तिथे दाबलं की जीव जायचा. दुसऱ्या डॉक्टरांनी तिथेच बोट ठेवलं आणि पुन्हा फोटो काढला. स्कॅफॉइडला चीर होती. हे हाड काजूएवढं, पण त्याला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकातून मिळतं. त्यामुळे मधे तुटलं तर मनगटाकडचा तुकडा उपाशी राहतो आणि जुळायला फार वेळ लागतो. पहिल्या फोटोत न दिसलेली चीर १०-१४ दिवसांनी दिसू शकते, एमआरआयमध्ये त्याआधीही कळते. मला शेवटी स्क्रू बसवावा लागला. त्या खळग्यात दुखत असेल तर दुसरा फोटो मागूनच घ्या.

काका, बीड
पुतण्या आंब्यावरून पडला, कोपरापाशी हाड मोडलं. गावात कामट्या लावून करकचून बांधलं. रात्रभर पोर रडायचं थांबेना. बोटं थंडगार, आणि कुणी ती सरळ करू गेलं की किंकाळी. तालुक्याच्या डॉक्टरांनी आधी पट्टी कापली, मग बाकीचं विचारलं. आतला दाब वाढून रक्त अडलं होतं. त्याच रात्री कातडी आणि स्नायूंवरचं आवरण चिरून दाब मोकळा केला. हात वाचला. अशात उशीर झाला की स्नायू मरतात आणि बोटं कायमची आकसतात, जर्मन सर्जन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये हेच लिहून ठेवलंय. प्लास्टर असो वा पट्टी, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, बोटं बधिर होत असतील, तर सकाळची वाट बघू नका.

शिवणकाम करणारी, कोल्हापूर
माझी अनामिका सकाळी मुठीतच अडकते, दुसऱ्या हातानं सोडवली की टक् वाजते. ट्रिगर फिंगर. इंजेक्शन सुचवलंय, पण मला मधुमेह आहे आणि त्यानं काही दिवस साखर चढते म्हणतात. कुणी घेतलंय का? आणि कापड कापणाऱ्यांनो, तुम्ही कात्री कोणती वापरता?