मदत हवी आहे: क्रूझच्या डायनिंग रूममध्ये हवं ते टेबल कसं मिळवायचं?

स्मिता_बोरिवली
क्रूझच्या मेन डायनिंग रूममध्ये आम्हा सगळ्यांना एकत्र, खिडकीजवळचं टेबल हवंय, आणि तेही पहिल्या सीटिंगचं, म्हणजे जेवणाच्या लवकरच्या पाळीचं. कन्फर्मेशनवर दुसरं सीटिंग, रात्री ८:१५ असं आलंय. एजंट म्हणतो, "बोटीवर गेल्यावर होऊन जातं मॅडम." होऊन जातं म्हणजे कसं? हेल्पलाइनवाले म्हणतात एजंटशी बोला. ज्यांनी असं टेबल मिळवलंय त्यांनी नेमकं काय केलं तेवढंच सांगा. पुढच्या आठवड्यात निघतोय. गुगल करून झालंय, ते सांगू नका.

नाखवा
कुठली बोट? मुंबईहून सुटणारी की बाहेरून? माणसं किती? बुकिंग एक की वेगवेगळी?

आळूवडी
मेन डायनिंगला जायचंच कशाला? वर बुफेला हवं तेव्हा जा, हवं तिथे बसा, चारही बाजूंना समुद्र. आम्ही तर अख्ख्या ट्रिपमध्ये खाली फिरकलोच नाही.

स्मिता_बोरिवली
बुफे नकोय. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना हातात ताट घेऊन हिंडता येत नाही. आईला इन्सुलिन असतं, म्हणून जेवण लवकर हवं. बोट सिंगापूरहून आहे, चार रात्री. नऊ जण, तीन खोल्या.

व्हिसावाला_दादर
सिंगापूरलाच परत उतरणार ना? मग व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा आहे का तपासा. मधे कुठे थांबणार त्या देशांचे नियमही बघून ठेवा.

स्मिता_बोरिवली
व्हिसा झालेत. टेबलाबद्दल बोला प्लीज.

नाखवा
तीन खोल्या एकाच बुकिंग नंबरवर आहेत का?

स्मिता_बोरिवली
दोन आमच्या. दिरांनी त्यांची नंतर वेगळ्या एजंटकडून केली. त्याने काय फरक पडतो?

नाखवा
सगळा फरक तिथेच पडतो, ताई. कॉम्प्युटरला तुम्ही एक घर आहात हे कळतच नाही. सहा जण एका टेबलावर आणि दीर भलत्याच टेबलावर, कदाचित सीटिंगही वेगळं. दोन्ही एजंटना एकमेकांचे बुकिंग नंबर द्या आणि "डायनिंगसाठी लिंक करा" असं ईमेलवर कळवा, फोनवर नको. त्याच ईमेलमध्ये पहिल्या सीटिंगच्या वेटलिस्टवर नाव घालायला सांगा. इन्सुलिन आणि गुडघे, दोन्ही कारणं लिहा.

निवृत्त_पण_खूश
इतका पत्रव्यवहार कशाला? चढल्याबरोबर मेत्र-डीला, म्हणजे डायनिंग रूमच्या मुख्य माणसाला गाठायचं, हात मिळवताना २० डॉलरची नोट सरकवायची. टेबल मिळतंच. स्वानुभव.

आळूवडी
काका, हे लग्नाच्या हॉलवर आचाऱ्याला गाठल्यासारखं झालं. सर्व्हिस चार्ज तसाही दर माणशी, दर दिवशी खोलीच्या खात्यावर लागतो. वर आणि हे कशाला?

निवृत्त_पण_खूश
तो चार्ज सगळ्यांत वाटला जातो. माझी नोट माझ्या टेबलासाठी. जगाची रीत आहे.

खारा_वारा
काही वर्षं बोटीवर डायनिंगमध्येच नोकरी केली आहे, म्हणून लिहितो. नोट घेणारे असतात, पण टेबलच रिकामं नसेल तर नोटेने ते उगवत नाही. चढायच्या दिवशी दुपारी मेत्र-डी किंवा त्याचा माणूस यादी घेऊन टेबल बदलून द्यायला बसतो. जागा आणि वेळ त्या दिवसाच्या कार्यक्रमपत्रिकेत असते. बॅगा खोलीत यायची वाट न बघता आधी तिथे जा. एकानेच जायचं, नऊ जणांचा मोर्चा नको.

तिथे नाही म्हणाले तरी पहिल्या रात्रीचं जेवण उरकल्यावर परत विचारा. पहिल्या रात्री बरेच लोक दमून बुफेला जातात, काही जण आपणहून सीटिंग बदलतात. खरी रिकामी टेबलं कोणती हे दुसऱ्या दिवशीच कळतं.

आता खिडकी. नऊ जणांसाठी ती विसरा. काचेलगत बहुतेक दोघा-चौघांची टेबलं असतात, आठ-दहाची मोठी गोल टेबलं मधे. डायनिंग रूम बोटीच्या मागच्या टोकाला असेल तर तिथली काचेची जागा दिसते झकास, पण इंजिनाची थरथर तिथेच जास्त जाणवते. सासूबाईंसाठी दाराजवळचं टेबल मागा, ते सहज मिळेल. ठरलेलं टेबल म्हणजे वेटरही रोज तोच. आईंचं जेवण आधी आणायचं हे त्याला एकदा सांगितलं की पुरे.

स्मिता_बोरिवली
खिडकीसाठीच मेन डायनिंग घेत होतो हो. मुलांना कबूल केलंय.

खारा_वारा
८:१५ला खिडकीतून काय दिसणार? सिंगापूरला सूर्य सातच्या सुमारास मावळतो. काळोख आणि आपलंच तोंड.

आळूवडी
म्हणून म्हणते, सकाळच्या चहाला बुफेत खिडकी धरा.

कोकणबोट
आम्ही लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जायचो. डेकवर वळकटी पसरली की तेच टेबल आणि तोच पलंग. दशम्या आणि लसणीची चटणी. ज्याला बोट लागायची त्याचा वाटा बाकीच्यांना. सीटिंग म्हणे!

निवृत्त_पण_खूश
वा! वेंगुर्ल्याला की मालवणला?

कोकणबोट
मालवण. बोट लांब उभी राहायची, मग पडावातून किनाऱ्यावर. वेगळा धागा काढतो.

पार्ल्याची_नात
घरचे थेपले नेऊ देतील का? सासरे बाहेरचं खात नाहीत. (स्मिताताई, सॉरी.)

नाखवा
बहुतेक कंपन्या घरचं शिजवलेलं चढवू देत नाहीत, सीलबंद पाकिटं चालतात. किटली आणि इस्त्री जप्त होते. जैन किंवा कांदा-लसूण नसलेलं हवं असेल तर आधी कळवा आणि बोटीवर आदल्या रात्रीच हेडवेटरला उद्याचं सांगून ठेवा.

गोड_माणूस
मी स्वतः इन्सुलिनवर आहे. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. तिथले ८:१५ म्हणजे मुंबईचे पावणेसहा. तुम्ही धडपडून सहाचं सीटिंग मिळवलंत तर आईंच्या पोटाला ते दुपारचे साडेतीन! चार रात्रींसाठी दुसरंच बरं पडेल. डोसची वेळ मात्र डॉक्टरांना आधी विचारा.

स्मिता_बोरिवली
हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. पण दोन दिवस आधी सिंगापुरात राहणार आहोत, तोवर तिथलं घड्याळ अंगवळणी पडेल ना?

गोड_माणूस
अर्धवट पडेल. शिवाय किनाऱ्यावर फिरून यायच्या दिवशी सहाच्या जेवणाला धावत यावं लागतं. डॉक्टर म्हणतील तसं करा.

निवृत्त_पण_खूश
आणि नोट सुट्टी ठेवा.

स्मिता_बोरिवली
अपडेट: दोन्ही बुकिंग लिंक झाली, ईमेल आलं. आता नऊ जणांचं एकच टेबल दिसतंय, दाराजवळचं हवं अशी नोंदही करून घेतली. पहिल्या सीटिंगच्या वेटलिस्टवर नाव आहे, पण ते ठेवायचं की काढायचं हे डॉक्टर उद्या भेटले की ठरवू. खिडकीचं मुलांना अजून सांगितलेलं नाही. खारा_वारा, नाखवा, गोड_माणूस, आभार.

व्हिसावाला_दादर
छान. माणशी किती पडलं विमानासकट? व्यनि (खासगी निरोप) केलात तरी चालेल.