‘धार्मिक शिक्षण’ म्हणजे नेमकं काय?

करवीरकर: एका कॉलेजच्या अभ्यासक्रम समितीची टिपणी मराठीत करतोय. त्यात ‘रिलिजस इन्स्ट्रक्शन’ वेगळं, ‘स्टडी ऑफ रिलिजन्स’ वेगळं. सगळा वाद तिथंच. घटनेच्या मराठी प्रतीत अनुच्छेद २८ ला ‘धार्मिक शिक्षण’ आहे, पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत ते द्यायचं नाही. समितीतले एक सर म्हणतात, ‘त्यात धर्मांचा तौलनिक अभ्यासपण आला.’ मग त्या अभ्यासाचा पेपरच रद्द करायचा का? ‘इन्स्ट्रक्शन’ला वेगळा शब्द सुचवा.

दुधाळी: धर्मोपदेश. संपला विषय.

करवीरकर: उपदेश म्हटलं की कीर्तन आठवतं. हजेरी घेऊन, पाठ करून घेतात त्याला काय म्हणू?

मोडीवाचक: संथा! आजोळी गल्लीतली पोरं सकाळी संथा घ्यायची. गुरुजी एकदा म्हणणार, पोरांनी दोनदा. अर्थ विचारला की ‘आधी पाठ कर’. कॉलेजात हे नको, अभ्यास जरूर हवा. १९७१ च्या डीएव्ही कॉलेज खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही गुरू नानकांचं जीवन आणि शिकवण अभ्यासणं म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, असंच धरलं.

दुधाळी: संथा म्हणजे मूळ ‘संस्था’ ना?

मोडीवाचक: मला ‘संहिता’ वाटतं.

खासबागचा: मुळं कशाला खणताय ओ? संथा कुणाला मिळायची नि कुणाला नाही, हे कोल्हापुरात सांगायला पायजे? वेदोक्त इथंच झालं, शाहू महाराजांचे विधी वेदमंत्रांनी करायला पुरोहितांनी नकार दिला. म्हणून तर त्यांनी वैदिक शाळा काढली, १९१९ ला राजाराम कॉलेज वेद सगळ्यांना खुले मानणाऱ्या आर्य समाजाकडं चालवायला दिलं. आमच्या घरात हा शब्दच नव्हता. आमच्यात पोथी लावतात.

मोडीवाचक: शब्दाला जात नसते.

खासबागचा: असतीय की. वापरणाऱ्याला विचारा.

जयसिंगपूरकर: आमच्या जैन पाठशाळेत तीर्थंकरांची चोवीस नावं पाठ करायचो आणि त्याच तासाला स्याद्वादावर, म्हणजे ‘एका दृष्टीनं असं, दुसऱ्या दृष्टीनं तसं’ या जैन विचारावर, भांडायचो. ती संथा की अभ्यास? तुमची रेघ तेवढी सरळ नाही.

करवीरकर: बरं, ‘धर्माचरणाचे शिक्षण’ आणि ‘धर्मांचा अभ्यास’ चालेल? दोन क्रेडिटचा पेपर आहे, सोमवारी टिपणी द्यायचीय.

दुधाळी: क्रेडिट नको, श्रेयांक लिहा.

खासबागचा: श्रेयांक कोण म्हणतंय? पोरं क्रेडिटच म्हणतात.

दुधाळी: पोरं म्हणतात म्हणून सोडायचं? उद्या ‘गुणपत्रिका’ही सोडाल.

खासबागचा: ती कवाच सोडली. मार्कलिस्ट.