महामार्ग ६६ वरील लेखाला ‘उत्तम लेख’ हा दर्जा द्यावा का?

धागाकर्ता (फोंडा): पनवेल ते कन्याकुमारी या सुमारे १,६०० किलोमीटरच्या राष्ट्रीय महामार्गावरील आपल्या मुक्त ज्ञानकोशातील लेखाला ‘उत्तम लेख’ हा दर्जा देण्याचा प्रस्ताव आला आहे. गोव्याचा भाग मी ओळीओळीने वाचला असून माझा प्रस्तावाला विरोध आहे. पणजी सोडल्यावर रस्ता ‘जुने गोवे’ गावातून जुवारी नदीकडे जातो, असे लेखात म्हटले आहे. तो जुन्या गोव्यातून जातच नाही. तो जातो गोवा वेल्हा या गावातून, जिथे कदंब राजघराण्याची गोपकपट्टण ही राजधानी होती. बासिलिका या प्रसिद्ध चर्चचे जुने गोवे मांडवी नदीकाठी, फोंड्याच्या वाटेवर आहे. पोर्तुगीजमध्ये ‘वेल्हा’ म्हणजे जुना, एवढ्यावरून कोणीतरी गावाच्या नावाचेच भाषांतर करून टाकले. पुढे काणकोणचे ‘कानाकोना’ आणि कुठ्ठाळीचे ‘कोर्टालिम’ झाले आहे. तिथल्या माणसाला स्वतःचे गाव ओळखता येऊ नये, असा लेख उत्तम कसा म्हणायचा?

मडगावहून: मी सहमत नाही. नावे सुधारणे हे अर्ध्या तासाचे काम आहे आणि ते तुम्हीच करू शकता. २०१० च्या फेरक्रमांकनात जुना महामार्ग १७ आणि केरळातील इडपल्लीपासून पुढचा महामार्ग ४७ चा तुकडा मिळून ६६ कसा झाला, कुठ्ठाळी ते वास्को हा १७अ आता ३६६ कसा आहे, हे लेखात स्वच्छ मांडले आहे. पाच राज्यांच्या रस्त्याला एका राज्यातल्या चार चुकांवरून नापास करणे अन्यायाचे आहे.

धागाकर्ता: चुका चारच असतील, पण त्यांवरून एवढे कळते की नकाशापलीकडे जाऊन हा भाग कोणीही तपासलेला नाही. लेखात ‘सध्या’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, पण साल कुठेच नाही. जुवारीवर ‘सध्या नवा पूल बांधला जात आहे’ म्हणे! त्या पुलाची एक बाजू डिसेंबर २०२२ मध्ये खुली झाली आणि दुसरी डिसेंबर २०२३ मध्ये.

पेडण्याहून: मला त्याहून मोठी उणीव वाटते ती इतिहासाची. मांडवीवरचा नेहरू पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तेव्हा मी विद्यार्थी होतो. भर पावसात बेतीच्या धक्क्यावर फेरीबोटीसाठी उभे राहिलेले लोक, ओल्या छत्र्या आणि बोटीत आधी चढण्यासाठी चाललेली दुचाकीवाल्यांची धडपड मला आजही दिसते. नवा पूल १९९२ मध्ये आला, तिसरा २०१९ मध्ये. लेखात एवढेच आहे: ‘मांडवीवर पूल आहे.’ १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवरच्या ज्या पत्रादेवीला गोवामुक्तीच्या सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, ती इथे निव्वळ चेकनाका म्हणून येते.

मडगावहून: ‘सध्या’बद्दलचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, तारखा आणि गावांची नावे दुरुस्त होईपर्यंत मी माझा पाठिंबा मागे घेतो. पेडणेकर काका, तुमची आठवण वाचून मीही थांबलो, पण तिची जागा मांडवी पुलाच्या स्वतंत्र लेखात आहे. इथे पूल कोसळल्याचे आणि वाहतूक फेरीबोटींवर आल्याचे एक वाक्य पुरे, पत्रादेवीच्या हुतात्म्यांसाठीही एक वाक्य आणि दुवा. या दोन वाक्यांपायी दर्जा अडवायला मात्र माझा विरोध कायम राहील.

पेडण्याहून: पत्रादेवीला एक वाक्य पुरणार नाही. मसुदा मी आज रात्री चर्चापानावर ठेवतो, तो वाचून मग ठरवा.