शब्दचर्चा : बेनामी, नामधारी आणि ‘लाभार्थी मालक’

प्रश्न

सार्वजनिक धोरण या विषयात पीएच.डी. करायची आहे. त्यासाठीचा संशोधन आराखडा मराठीतून लिहिते आहे. विषय आहे कंपन्यांची लपवलेली मालकी, आणि पहिल्याच पानावर अडले आहे. कागदावर ज्याचं नाव नाही, पण नफा ज्याच्याकडे जातो आणि निर्णय ज्याच्या मर्जीने होतात, त्या माणसाला मराठीत काय म्हणायचं? इंग्रजीतल्या ‘बेनिफिशियल ओनर’साठी भाषांतरांमध्ये ‘लाभार्थी मालक’ वाचायला मिळतं. मला ते खटकतं, पण का खटकतं ते नेमकं सांगता येत नाही. ‘बेनामी मालक’ चालेल का?

उत्तर

खटकतं ते बरोबरच आहे. ‘अर्थी’ म्हणजे इच्छा करणारा, मागणारा. विद्यार्थी, शरणार्थी, तसाच लाभार्थी. शिवाय आज हा शब्द उच्चारला की सरकारी योजनेची यादी आठवते. तुमचा माणूस कुणाकडे काही मागत नाही. तो पडद्याआड बसून सूत्रं हलवतो. ‘लाभ’ म्हटल्यावर पैशाची बाजू कळते, सत्तेची बाजू सुटते. कायदा तर दोन्ही बघतो. भारतात २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम ९० आणि त्याखालचे २०१८ चे नियम यांत किमान १० टक्के हिस्सा ही मर्यादा आहे, पण कंपनीवर लक्षणीय प्रभाव किंवा नियंत्रण असलेला माणूसही त्यांच्या कक्षेत येतो. ब्रिटनने २०१६ मध्ये अशा माणसांची नोंदवही सुरू केली तेव्हा लाभाचा उल्लेखच टाळला. तिथला शब्दप्रयोग सरळ ‘लक्षणीय नियंत्रण असलेली व्यक्ती’ असा आहे.

‘बेनामी’बद्दल मात्र जास्तच जपून राहा. फारसी ‘बे’ म्हणजे विना, म्हणून शब्दशः अर्थ ‘नावाविना’. पण बेनामी मालमत्तेवर नाव असतंच, चांगलं ठळक असतं. पैसे मोजणाऱ्याचं नसतं इतकंच. ज्यावर नावच नाही ते पत्र निनावी, त्याला आपण बेनामी म्हणत नाही. १९८८ च्या बेनामी व्यवहारविरोधी कायद्यात २०१६ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. त्या कायद्याच्या भाषेत बेनामीदार कोण? ज्याच्या नावावर मालमत्ता आहे तो! म्हणजे ‘बेनामी मालक’ असं लिहिलंत, तर नाव देणारा की पैसे देणारा, हा गोंधळ वाचकाच्या मनात उरणारच.

आणखी एक मत

नाव देणाऱ्यासाठी मराठीत उत्तम शब्द आहे : नामधारी. नामधारी राजा म्हणतो तसा नामधारी संचालक, नामधारी भागधारक. ‘नामनिर्देशित’ नको. बँकेच्या अर्जामुळे त्याचा अर्थ खातेदाराच्या पश्चात पैसे मिळणारा माणूस असाच रुजला आहे. आणि नामधारी शब्द घेतलात की त्याच्या समोर ‘खरा मालक’ आपोआप उभा राहतो. एवढा साधा शब्द प्रबंधात नको असं वाटत असेल तर ‘अंतिम मालक’ म्हणा. एका कंपनीची मालक दुसरी, तिची तिसरी, अशी साखळी असते. तिच्या टोकाला हाडामांसाचा माणूस शोधायचा आहे, हे ‘अंतिम’मधून कळतं.

धागाकर्ती

‘नामधारी’ लगेच उचलते आहे. शेल कंपनीचं, म्हणजे जिचा स्वतःचा कामधंदा नसतो अशा कंपनीचं, काय करू? मी ‘बनावट कंपनी’ लिहिलं होतं. मग मायकेल फिंडली, डॅनियल नील्सन आणि जेसन शार्मन या संशोधकांच्या प्रयोगाबद्दल लिहायला बसले आणि तो शब्द मोडूनच पडला. या तिघांनी सल्लागारांची खोटी नावं घेऊन १८० हून अधिक देशांतल्या कंपनी-नोंदणी करून देणाऱ्यांना ७,००० हून अधिक ई-मेल पाठवले : निनावी राहता येईल अशी कंपनी काढून द्याल का? ज्यांनी उत्तरं दिली त्यांतल्या जवळपास निम्म्यांनी ओळखीचा योग्य पुरावा मागितलाच नाही. आणि करचुकव्यांचे अड्डे म्हणून बदनाम असलेल्या ठिकाणांपेक्षा श्रीमंत देशांतलेच लोक ढिले निघाले. अशा मार्गाने निघणारी कंपनी रीतसर नोंदलेली असते. तिला बनावट कसं म्हणू?

उत्तर

म्हणूच नका. बातम्यांमधला ‘बोगस’ही तसाच चुकीचा. ‘कवच कंपनी’त संरक्षणाचा भाव येतो. ‘कागदी कंपनी’ लिहा. नोंदणी आहे, कामधंदा नाही, हे त्यात बरोबर उतरतं.

वेगळं मत

मला शीर्षकाबद्दल बोलायचं आहे. ‘लपवलेली’ म्हटलं की लपवणारा आला, त्याचा हेतू आला, म्हणजे पुरावा मांडण्याआधीच निकाल दिल्यासारखं झालं. युरोपीय संघाच्या न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये मालकांची माहिती सरसकट सगळ्यांना खुली करण्याची तरतूद रद्द केली, ती खासगीपणाच्या हक्कासाठी. नाव जाहीर न करण्यामागे दरवेळी काळाबाजारच असतो असं नाही. म्हणून शीर्षकात ‘अप्रकट मालकी’ घ्या. जिथे लपवल्याचं सिद्ध कराल त्या प्रकरणात खुशाल ‘दडवलेली’ लिहा.

धागाकर्ती

हे पटलं, थोडं जड गेलं तरी. मला या विषयाचा राग आहे आणि तो शीर्षकात उतरला होता. जाता जाता : मार्गदर्शकांनी ‘सार्वजनिक नीती’ सुचवलं आहे. ते बदलून ‘सार्वजनिक धोरण’च ठेवू का?

उत्तर

बदला. हिंदीत नीती चालते. मराठीत नीती म्हटलं की अनीती आठवते, सदाचार आठवतो. धोरण म्हणजे पुढचं बघून ठरवलेली दिशा. म्हणूनच आपण धोरणी माणूस म्हणतो. ‘विद्यावाचस्पती’ प्रबंधाच्या मुखपृष्ठावर येईलच, बाकी सगळीकडे पीएच.डी. पुरे.

‘अंतिम मालक’ सुचवणारा प्रतिसादक

एक राहिलं. मालकी न्यासाकडे, म्हणजे ट्रस्टकडे, असेल तर ‘अंतिम मालक’ अडतो. विश्वस्ताच्या नावावर मालमत्ता असते, उपभोग दुसऱ्याचा असतो, आणि अटी घालून देणारा तिसराच. तिथे उपभोग घेणाऱ्यासाठी ‘हिताधिकारी’ वापरा, पण पहिल्यांदा येईल तेव्हा फोड करून द्या : हित अधिक अधिकारी. नाहीतर लोक एखादा सरकारी अधिकारी समजतील.