मदत हवी आहे: हवेत एका जागी थांबणाऱ्या ड्रोनसाठी ९ हजारांत कोणता फ्लाइट कंट्रोलर घ्यावा?

नमस्कार मंडळी,

ज्यांनी स्वतः ड्रोन जुळवलेत त्यांचा सल्ला हवा आहे. अर्धवट माहितीवर कुणी उत्तर तरी काय देणार, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी नऱ्ह्यात राहतो, सीएनसी मशीनवर काम करतो. गाव सासवडजवळ. शेती दादा, म्हणजे माझे थोरले बंधू, बघतात. दोन एकर अंजीर आणि बांधाला थोडं सीताफळ. गेल्या वर्षी मी आणि पुतण्याने (नववीत आहे) मिळून एक क्वाडकॉप्टर उभा केला. हौस होतीच, पण कामही डोक्यात होतं. दर पंधरा दिवसांनी बागेच्या ठरावीक चार जागांवरून, त्याच उंचीवरून फोटो काढायचे. तांबेरा पडायला लागला की पानं कुठल्या कोपऱ्यातून पिवळी पडत चाललीत हे वरून लवकर लक्षात येईल, अशी दादाची कल्पना आहे आणि मला ती पटते. त्यासाठी ड्रोन प्रत्येक जागी वीस-तीस सेकंद हलता कामा नये.

सध्याचं सामान: एफ४५० फ्रेम, २२१२ मापाच्या ९२० केव्ही (दर व्होल्टला मिनिटाला ९२० फेरे) मोटारी, ३० अँपिअरचे ईएससी (मोटारीचा वेग सांभाळणारे), १०४५ पंखे, तीन सेलची २२०० एमएएच लायपो बॅटरी, फ्लायस्काय एफएस-आय६ रिमोट आणि आयए६बी रिसीव्हर. बोर्ड, म्हणजे फ्लाइट कंट्रोलर (ड्रोनचा तोल सांभाळणारा मेंदू), केके २.१.५. कॅमेरा धरून वजन बाराशे ग्रॅमच्या आसपास भरतं.

केके बोर्डाला मी नावं ठेवणार नाही, उडवायला त्यानेच शिकवलं. पण त्याच्यावर फक्त जायरो आणि अ‍ॅक्सेलरोमीटर आहे. आपण सपाट आहोत की तिरके एवढंच त्याला कळतं, आपण कुठे आहोत हे कळत नाही. पुराच्या पाण्यात पाटावर माणूस मांडी घालून ताठ बसलाय आणि पाट वाहत चाललाय, तसं होतं. ऑटोलेव्हल चालू असतो, ड्रोन एकदम सपाट दिसतो आणि वाऱ्याबरोबर निघून जातो.

जानेवारीत तेच झालं. पंधरा मीटर उंचीवर होता, रिमोट पुतण्याच्या हातात. सकाळी अगदी शांत होतं आणि नऊच्या सुमारास अचानक वारा सुटला. पोरगं घाबरलं, त्याने दोन्ही काड्या सोडून दिल्या. उजवी काडी मध्यावर आली, थ्रॉटलची आपल्या जागी राहिली. ड्रोन बांध ओलांडून शेजारच्या वाटाण्यात गेला. मी रिमोट हातात घेईपर्यंत तोंड कुठल्या दिशेला आहे तेही ओळखू येईना. शेवटी थ्रॉटल खाली ओढला. दोन आर्म तुटले आणि वाटाण्याचे दोन-तीन वाफे आडवे झाले. वाफ्यांचे पैसे आम्ही दिले.

पैशापेक्षा जास्त लागलं ते दुसरंच. पुरंदरच्या विमानतळासाठी २०२५ मध्ये ड्रोनने जमिनीचं सर्वेक्षण करायला माणसं आली तेव्हा गावांनी कडाडून विरोध केला, हे बातम्यांत सगळ्यांनी वाचलं असेल. आमच्या भागात ड्रोनचा आवाज आला की लोक अजून घराबाहेर येऊन बघतात. अशा ठिकाणी आपला ड्रोन दुसऱ्याच्या वावरावर जाणं म्हणजे दादाने वर्षानुवर्षं जपलेल्या शेजाराला धक्का. दादा मला रागावला नाही, पण त्याने त्यानंतर ड्रोन उडवू दिलेला नाही. आपल्या बांधाच्या आतच राहील असा भरवसा दे, मग आण, असं म्हणाला. तो भरवसा मला त्याला द्यायचाय.

आता पर्याय. दोन महिने वाचून माझी समजूत इथवर आली आहे, चुकत असेल तर सांगा.

एपीएम २.८ सगळ्यात स्वस्त आणि सहज मिळणारा. पण त्यातला प्रोसेसर आठ बिटांचा आहे आणि त्याच्यासाठी आर्डुकॉप्टर (आर्डुपायलट या मोफत सॉफ्टवेअरचा अशा ड्रोनसाठीचा भाग) ३.२.१ वरच थांबलं, पुढच्या कुठल्याच सुधारणा त्याच्यावर चढत नाहीत. लॉइटर मोड त्यात आहे, जागा धरतो. तरी २०१५ च्या सुमाराला थांबलेल्या सॉफ्टवेअरवर आज पैसे घालावेत का, हे मन मानत नाही.

पिक्सहॉक २.४.८, म्हणजे मूळ पिक्सहॉकची नक्कल. ३२ बिटी, नवीन आर्डुपायलट चालतं, खोक्यात असल्याने सोल्डरिंगची कटकट नाही. पण काही नकलांमध्ये जुन्या आवृत्तीची चिप असते आणि २ एमबीपैकी १ एमबीच मेमरी वापरता येते असं वाचलंय. विकत घेण्याआधी हे कसं ओळखायचं?

तिसरा पर्याय स्पीडीबी एफ४०५ व्ही४ सारख्या बोर्डाचा. त्यावर आयनॅव्ह (तसंच दुसरं सॉफ्टवेअर) किंवा आर्डुपायलट, दोन्ही चढतं. बॅरोमीटर (हवेच्या दाबावरून उंची ओळखणारा) आहे, कंपास नाही, तो जीपीएससोबत बाहेरून घ्यावा लागतो. भोकं ३०.५ मिमीवर, म्हणजे एफ४५० वर बसवायला मधली पट्टी लागेल. ती मी वर्कशॉपमध्ये अर्ध्या तासात काढेन. आयए६बी मध्ये आयबस (एकाच वायरवरून सगळे चॅनेल) आहे, त्यामुळे रिसीव्हर बदलावा लागणार नाही. माझा कल इकडे आहे.

डीजेआयचा जुना नाझा-एम लाइट बोर्ड घे असंही एकाने सुचवलं. जागा सुरेख धरतो म्हणतात, पण तो कधीच बंद झाला. उद्या खराब झाला तर कुणाकडे जायचं?

जीपीएसच्या बाबतीत माझी फसगत झाली आहे. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून निओ-एम८एन म्हणून मॉड्यूल मागवलं, वर स्टिकरही तसंच होतं. लॅपटॉपला जोडून यू-सेंटर या जीपीएस तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये बघितलं तर आत आधीच्या पिढीची चिप. परत घेतलं नाही. आता कंपास असलेलं एम१० घ्यावं म्हणतोय.

एक गोष्ट मात्र डोळ्यांनी बघून शिकलो. ओळखीच्या एका कॉलेजच्या मुलाचा एपीएमवाला ड्रोन लॉइटरमध्ये टाकला की आधी हातभर गोल फिरायचा, मग दोन हात, मग भोवऱ्यासारखा घेर वाढतच जायचा. बोर्ड गेला असं आम्ही धरून चाललो होतो. त्याचा कंपास होता वरच्या पाटीवर, आणि एफ४५० ची खालची पाटीच वीज वाटते. तरंगताना तिच्यातून बारा-तेरा अँपिअर जातात. मी हिशोब मांडून बघितला. एका सुट्या वायरमधून १३ अँपिअर जात असतील तर ५ सेंटीमीटरवर तिचं चुंबकीय क्षेत्र साधारण ५० मायक्रोटेस्ला येतं, आणि आपल्याकडे पृथ्वीचं स्वतःचं आहे चाळीसच्या आसपास. बिचाऱ्या कंपासने उत्तर शोधायची कुठे! त्या मुलाने बॅटरीच्या लाल-काळ्या वायरी एकमेकींना पीळ देऊन घेतल्या, जीपीएस आणि कंपास एका अ‍ॅल्युमिनियमच्या नळीवर वर चढवला, पुन्हा कॅलिब्रेट केला. तोच ड्रोन, तोच बोर्ड, आणि खांबाला बांधल्यासारखा उभा राहिला. तेव्हापासून वाटतंय की बोर्ड निवडण्याइतकंच त्याच्या भोवतीचं काम महत्त्वाचं आहे. बॅरोमीटरवर स्पंजचा तुकडा, पंखे बॅलन्स करणं, हे मी करणारच आहे.

नियमांचं कुणी विचारेल म्हणून: ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमच्या वर आणि २ किलोपर्यंत म्हणजे मायक्रो, आणि व्यावसायिक वापर नसेल तर पायलट सर्टिफिकेट लागत नाही. पुण्यात मी उडवत नाही. लोहगाव, एनडीए, कॅन्टोन्मेंट, मोकळी जागा उरते कुठे? गावाकडेही ड्रोनच्या सरकारी नकाशावर ग्रीन झोन, म्हणजे उडवायला मोकळा भाग, बघूनच उडवतो.

दोन दिवसांनी भर घालतोय. इतक्या आपुलकीने उत्तरं दिलीत, मनापासून आभार.

ज्यांनी व्हायब्रेशन मोजायला सांगितलं त्यांच्यासाठी: त्या मुलाच्या ओळखीत एकाकडे पिक्सहॉक होता, तो माझ्या फ्रेमवर तात्पुरता बसवून मागच्या मोकळ्या प्लॉटवर पंखे उलटे लावून, फ्रेम घट्ट बांधून मोटारी फिरवल्या. लॉगमध्ये व्हायब्रेशन ४० च्या वर गेलं. ३० च्या आत हवं, ६० च्या वर गेलं तर जागा आणि उंची धरणं बिघडणारच, असं आर्डुपायलटवाले सांगतात. एक-एक मोटार वेगळी फिरवली तेव्हा मागची डावी दोषी निघाली. शाफ्ट किंचित वाकलाय, वाटाण्यात पडला तेव्हाचाच असणार. डायल गेज लावून बघितलं, काटा स्पष्ट हलतो. म्हणजे कितीही चांगला बोर्ड आणला असता तरी या मोटारीवर तो नाचलाच असता. मोटार बदलतोय. ज्यांनी हे सुचवलं त्यांनी माझे हजारो रुपये वाचवले.

ऑप्टिकल फ्लो सेन्सर (कॅमेऱ्याने खालची जमीन बघून जागा धरणारा) सुचवणाऱ्यांना: घरात आणि कमी उंचीवर तो उत्तम असेल, पण मला पंधरा मीटरवर थांबायचंय. स्वस्तातल्या सेन्सरचं अंतरमापक आठ मीटरच्या आसपास संपतं.

एफ४०५ जवळजवळ पक्का केलाय, वर आर्डुपायलट, कारण जिओफेन्स लावून बागेची हद्द त्यात आखून देता येते. दादाला दाखवायला मला तेच हवंय. आता अडलंय ते एवढ्यावर. एफ४०५ सारख्या १ एमबी मेमरीच्या बोर्डावर आर्डुपायलटची काही अंगं कापलेली असतात, तर लॉइटर, आरटीएल (उडालेल्या जागी आपोआप परत येणं) आणि बहुभुज जिओफेन्स तिन्ही शाबूत राहतात का, की कस्टम बिल्ड करून घ्यावं लागतं? एफ४५० वर कंपासची नळी किती उंच ठेवलीत, १२ सेंटीमीटर पुरे का? आणि आय६ ची थ्रॉटल काडी मध्यावर आपोआप येत नाही. लॉइटरमध्ये काडी मध्यावर असली तरच उंची टिकते. पोराच्या हाती द्यायचाय, तर कुणी तिला स्प्रिंग बसवली आहे का? कुठली, कशी?

येत्या शनिवारी मोटार आणि कनेक्टर घ्यायला तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाणार आहे. पुण्यात कुणाचा एफ४०५ वर आर्डुपायलटचा ड्रोन चालू असेल तर मला एकदा बघायचा आहे. म्हणाल तिथे येतो.