गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, आता बांबूचा व्यापारी एकरकमी सौदा मागतोय. काय करावं?

भिवापूरचा_पोऱ्या

नमस्कार मंडळी. मी राहतो नागपुरात, मानेवाडा भागात, पण गाव आमचं भिवापूरच्या पुढे, चंद्रपूर जिल्ह्याच्या हद्दीला लागून. गावाला सामूहिक वनहक्काचा पट्टा मिळाला, सह्या-शिक्क्यांचा कागद समितीच्या कपाटात ठेवून दिलाय, पण त्यानंतर कोणी काही केलंच नाही. आता एक व्यापारी सारखा गावात येऊन राहिला. म्हणतो, पाच वर्षांसाठी पूर्ण जंगलातला बांबू मला द्या, एकरकमी पैसे घ्या, कापणारी माणसंही माझीच, तुम्हाला काहीच करायचं नाही. अर्ध्या गावाला हे पटलंय, कारण सभामंडपाचं काम अर्धवट पडलंय आणि पैसा समोर दिसून राहिला. माझे मोठे बाबा समितीत आहेत, त्यांना हे बरोबर वाटत नाही पण सभेत मुद्दा कसा मांडायचा ते कळत नाही, म्हणून मला म्हणाले तू शहरात राहतोस, माहिती काढून दे. तर कोणी असं काम केलेलं असेल तर सांगा, बांबू विकायचा का, विकायचा तर कसा, आणि जंगल टिकलं पाहिजे हे गावाला पटेल अशा भाषेत कसं सांगायचं?

धानोरा_रोड

भाऊ, काही झालं तरी उभ्या जंगलाचा एकरकमी सौदा करू नका. एकरकमी घेणारा पाच वर्षांत जितका जास्त बांबू काढेल तितका त्याचा फायदा, सहाव्या वर्षी तिथं काय उरलं याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. तुमच्या गावाला आहे. मी गडचिरोलीकडच्या ग्रामसभांसोबत बरीच वर्षं काम करतोय, सभेत एवढं एकच नीट मांडलं तरी लोकांच्या ध्यानात येतं.

आता कायद्याचं. २००६ च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपजात (लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालात) धरलाय, म्हणजे त्याची मालकी, गोळा करणं, विकणं हे सगळं तुमच्या हातात. आणि कलम ३(१)(आय) नुसार जंगलाचं रक्षण आणि व्यवस्थापन करायचा हक्कही ग्रामसभेचाच. हक्क विकण्यापुरताच नाही, सांभाळायचाही आहे, हे मोठ्या बाबांना जरूर सांगा. मेंढा (लेखा) चं नाव ऐकलं असेल, धानोरा तालुक्यातलं. त्यांना २००९ मध्ये पट्टा मिळाला, पण बांबू हलवायचा वाहतूक परवाना काही मिळेना, मग एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. पुढं २०१२ च्या नियम दुरुस्तीत हे सगळ्याच गावांसाठी लिहून आलं, की परवाना ग्रामसभेची समिती देईल. तेव्हा व्यापारी "परवान्याचं मी बघतो" म्हणत असेल तर त्याला सांगा, ते आमचं काम आहे.

तुमच्यापासून फार लांब नसलेलं एक गाव सांगतो, पाचगाव, गोंडपिपरी तालुका. तिथं २०१२ मध्ये साधारण हजार हेक्टरवर हक्क मिळाला. गावातलीच माणसं बांबू कापतात आणि ग्रामसभाच विकते, मजुरी गावात राहते, नियम सगळ्यांनी बसून ठरवलेत. तेंदूपत्त्याचा पैसा हमखास असतानाही त्यांनी तो बंद केला, कारण पानासाठी झाडं छाटावी लागतात, जंगलाला आगी लागतात आणि टेंबरं (तेंदूची फळं) माणसांच्या नि पाखरांच्या तोंडी लागत नाहीत. हे कोणा साहेबानं त्यांना सांगितलेलं नाही, त्यांचं त्यांनी ठरवलं. मोठ्या बाबांना आणि अजून तीन-चार जणांना घेऊन एकदा तिथं जाऊन या. माझ्या दहा भाषणांपेक्षा ते बघणं जास्त उपयोगी.

निवृत्त_वनपाल

वरच्या भावाशी मी सहमत आहे, पण एक गोष्ट स्पष्ट बोलतो. गावानं कापलं म्हणजे आपोआप नीटच कापलं असं होत नाही. मी ब्रह्मपुरी भागात नोकरी केली, ठेकेदारानं उजाड केलेली बांबूची बेटं पाहिली आणि गावातल्याच लोकांनी घाईत उजाड केलेलीही पाहिली. फरक पडतो तो कापायच्या पद्धतीनं.

बेटाकडं नीट बघा. दरवर्षी पावसाळ्यात नवीन वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, येतात ते बेटाच्या बाहेरच्या अंगाला, आणि जुने पक्के बांबू राहतात मधात. कापणाऱ्याला बाहेरचे सोपे पडतात, म्हणून तो कोवळेच कापतो आणि मधले जुने तसेच गुंतून राहतात. मग पुढच्या पावसाळ्यात नवीन कोंब बारीक येतात, कारण त्यांना पोसायला कोवळे बांबू राहिलेलेच नसतात, जमिनीखालच्या कंदाला बळ मिळतं ते पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या बांबूंच्या पानांतूनच. म्हणून एका बाजूनं घोड्याच्या नालेसारखी वाट काढायची आणि आतले तीन वर्षांवरचे काढायचे. वय ओळखायला सोपं आहे, पहिल्या वर्षीच्या बांबूवर खालच्या पेरांना म्यानं (कोंबावरची वाळकी आवरणं) चिकटलेली असतात आणि वर पांढरट भुकटी असते, जुन्या बांबूचा हिरवा रंग फिका पडतो, पांढुरके डाग येतात. कापताना जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर, पेराच्या लगेच वर कापायचं, नाहीतर पोकळीत पाणी साचून खुंट सडतो. पावसाळ्यात अजिबात कटाई नाही, ऑक्टोबर संपल्यावरच कोयता लावायचा. आणि एकाच वर्षी पूर्ण जंगलात हात घालू नका, तीन-चार भाग करा आणि एका वर्षी एकाच भागात कापा, म्हणजे बाकीच्यांना आराम मिळेल.

कुठं फुलोरा आलेला दिसला तर लगेच सभेला कळवा. मानवेल, म्हणजे आपल्या जंगलातला बांबू, कैक वर्षांतून एकदा फुलतो आणि मग मरतो, तेवढा वाळलेला काढून घ्यायला हरकत नाही, पण बी पडल्यावर तिथं गुरं आणि आग दोन्ही जाऊ द्यायची नाही, नवीन बांबू त्याच बियांतून यायचा आहे.

कोंढाळी_वाला

एक शंका. आपला नागपूर जिल्हा तर पेसात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्यात) येत नाही, मग आपल्याकडच्या ग्रामसभेला हे सगळे अधिकार आहेत काय? आमच्याकडं ग्रामसेवक सांगून राहिले होते की हे फक्त गडचिरोलीवाल्यांसाठी आहे.

धानोरा_रोड

नाही भाऊ, दोन वेगळे कायदे आहेत. पेसा १९९६ चा, तो अनुसूचित क्षेत्रापुरताच. वनहक्क कायदा सगळीकडं लागू आहे आणि त्याच्या २०१२ च्या दुरुस्तीत गणपूर्ती पण ठरलेली आहे, निम्मे सदस्य हजर पाहिजेत, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश तरी बाया पाहिजेत. ग्रामसेवकाला नियम ४(१)(ई) दाखवा, त्यातच व्यवस्थापनाच्या समितीचं आहे, आणि पुढच्या कलमात म्हटलंय की ही समिती आराखडा करेल आणि तो वनविभागाच्या कार्य आयोजनेत (जंगलाच्या कामाच्या त्यांच्या आराखड्यात) जोडला जाईल. वनविभागानं बनवून द्यायचा आणि गावानं सही करायची असा उलटा क्रम नाही.

देवलापारची_ताई

दादा, सगळं बांबूवरच चाललंय म्हणून लिहिते. आमच्याकडं समितीत बाया आल्या तेव्हा पहिल्या सभेत आम्ही बांबूबद्दल बोललोच नाही, मोहाबद्दल बोललो. मार्च-एप्रिलमध्ये मोह पडतो तेव्हा फुलं दिसावीत म्हणून लोक झाडाखालचा पाला जाळतात, आणि वारा सुटला की तीच आग पुढं बांबूत शिरते, कोंब-रोपं सगळं जळतं. बांबू वाचवायचा असेल तर मोहाखालचा जाळ बंद करावा लागतो, हे तुमच्या सभेत कोणी बोललं काय? आमच्याकडं ठरलं की पाला झाडायचा, ढीग करून शेतात न्यायचा, आणि ज्या घराचं जे झाड आहे त्यानं त्याखालची जागा सांभाळायची. ज्यांना झाडायला जमत नाही त्या म्हाताऱ्या बायांना जुन्या लुगड्यांच्या झोळ्या बांधून दिल्या, फुलं मातीत पडत नाहीत, स्वच्छ वाळतात आणि व्यापारी भाव पण बरा देतो.

आणि सभा दुपारी ठेवू नका. बाया त्या वेळेला रानात नाहीतर शेतात असतात, मग गणपूर्तीसाठी घरोघरी रजिस्टर फिरवून सह्या घेतल्या जातात आणि निर्णय चार माणसंच घेतात. जेवणं झाल्यावर, रात्री आठनंतर ठेवा. व्यापाऱ्याचे पैसे घ्यायचे की नाही यावर तुमच्या आईला-काकूला काय वाटतं ते विचारलंय का? सरपण, वास्ते, मोह, चारोळी आणायला जंगलात त्याच जातात, बाहेरची कापणारी टोळी तिथं पाच वर्षं फिरली तर त्यांनी जायचं कुठून?

निवृत्त_वनपाल

ताई अगदी खरं बोलल्या. आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात, तेव्हा जाळरेषा (आग अडवायला मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्या) त्याच्या आधी साफ झाल्या पाहिजेत. वनरक्षकाला सोबत घ्या, भांडण नको, त्याच्याकडं नकाशा असतो आणि आगीची सूचनाही आधी त्यालाच येते.

भिवापूरचा_पोऱ्या

सगळ्यांचे मनापासून आभार. मोठ्या बाबांना फोनवर सगळं वाचून दाखवलं, वास्त्यांचं आणि मधल्या जुन्या बांबूंचं ऐकून ते म्हणाले हे आम्ही डोळ्यानं पाहतो पण सभेत कधी बोललो नाही. आईला विचारलं, तर टोळीला तिचा सरळ नकारच आहे. सभा आता रात्री ठेवतोय. एकच विचारायचं राहिलं, व्यापाऱ्याला एकदम हाकलून लावायचं की त्यालाच नीट अटींवर विकायचं? कारण दुसरा गिऱ्हाईक लगेच कुठून आणणार.

धानोरा_रोड

हाकलू नका, त्यालाही बोली लावू द्या, पण एकट्यालाच नको. आधी समितीच्या नावानं बँकेत खातं आणि पॅन कार्ड काढा, सह्या दोघा-तिघांच्या संयुक्त ठेवा आणि त्यात एक बाई असू द्या. मग कोणता भाग यंदा कापायचा ते ठरवून, तिथले बांबू मोजून, स्थानिक पेपरात जाहिरात देऊन बोली मागवा, अनामत रक्कम घ्या. अटी लेखी पाहिजेत, कापणार गावातलेच, मजुरीचा दर ग्रामसभा ठरवणार, बांबू गावच्या डेपोवर आणून मोजणार, पूर्ण पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय गाडी भरायची नाही आणि परवान्यावर समितीची सही. करार फक्त एका हंगामाचा. पहिल्या वर्षी भाव थोडा कमी आला तरी चालेल, डेपोवर माल चांगला दिसला की पुढच्या वर्षी नागपूर-चंद्रपूरहून आणखी गिऱ्हाईकं येतात, आमच्याकडं तसंच झालं. आणि सभामंडपाचं काम अडलंय म्हणताय ना, तर मिळालेल्या पैशातून त्याला किती आणि जंगलाच्या कामाला किती हे विक्रीच्या आधीच ठरावात लिहून घ्या, पैसा हातात आल्यावर त्यावरून वाद होतात.