घरचा सर्व्हर: कुणाचा टिकला, कुणाचा बोंबलला, कोण परत गेलं?

तुटका_धोटा
रविवारी माळा काढला तर अण्णांची रोजमेळाची वही सापडली. लाल कापडी बांधणी, साल १९९४. कोपरे उंदरांनी खाल्लेत, पण उघडली आणि वाचता आली. सूत किती आलं, कांडीवालीला किती दिले, कुणाकडे किती बाकी, सगळं.

मग माझी वही आठवली. २०१३ ते २०१७ टॉवेलच्या धंद्याची सगळी बिलं मी एका ऑनलाइन सेवेत करायचो. नाव घेत नाही. आधी फुकट होती, मग महिना दोनशे झाली, मग एक दिवस बंदच झाली. महिनाभर आधी मेल आलेली म्हणे, पण मी कधीच बघत नाही अशा पत्त्यावर. शेवटच्या रात्री एक सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरातला तक्ता) तेवढी उतरवून घेतली. एक्सेलमध्ये उघडली तर गिऱ्हाइकांची मराठी नावं म्हणजे नुसता कचरा. रकमा बरोबर, तारखा बरोबर, फक्त कुणाकडे तेच कळत नाही. उधारी मागायची कुणाला?

तेव्हापासून डोकं फिरलं. कपाटामागे ऑफिसातून निघालेला जुना मिनी पीसी लावला. हाच घरचा सर्व्हर: बिलं, फोटो परक्याच्या सेवेत नाहीत, घरीच. सेल्फ-होस्टिंग म्हणतात ते. त्यावर लिनक्स, प्रोग्राम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारं डॉकर, बिलांना ईआरपीनेक्स्ट (मुंबईचंच आहे, ओपन सोर्स), फोटोंना इमिच. चालतंय. दोनदा बोंबललं पण.

कोणतं सॉफ्टवेअर चांगलं याच्या याद्या नेटवर ढीगभर आहेत, त्या नकोत. तुमच्या घरी काय झालं ते लिहा. फजिती आधी.

कडक_भाकरी
इमिच, २०२३ पासून. गुगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला संपली तेव्हाच घरात ठरलेलं, बघू म्हणून. बघू बघू म्हणता दोन वर्षं गेली. चेहरे ओळखायचं काम घरच्या डब्यावरच होतं, फोटो बाहेर जात नाहीत, हे आवडलं. फक्त गड्ड्याचे (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचे) फोटो टाकू नका. नंदीध्वज धरणारे सगळे पांढऱ्या बाराबंदीत, डोक्याला फेटा, कपाळाला विभूती. त्यानं सगळ्यांना मिळून 'मोठे काका' केलं. अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा करणारे एकशे बारा मोठे काका. बायको अजून एकेक वेगळा करतीय.

पाणी_कधी_येणार
वाचतेय. नळाला पाणी आलंय, पाचव्या दिवशी. भरून येते.

होटगी_रोड
@कडक_भाकरी 😂😂 हर्रर्र बोला हर्रर्र

पत्र्याची_खोली
फजिती म्हणालात ना? घ्या. रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा संगणक), त्यात एसडी कार्ड. त्या एका कार्डावर जाहिराती अडवायला पाय-होल, त्यावरच फाइलींना नेक्स्टक्लाउड, त्यावरच पासवर्ड. मे महिना, ४४ डिग्री, वरती पत्रा. कार्डानं मान टाकली. आता पाय-होल म्हणजे घरातल्या प्रत्येक फोनला वेबसाइटचा पत्ता सांगणारा तोच. तो गेला म्हणजे इंटरनेट असूनही कुणालाच काही उघडेना. पोरीची ऑनलाइन परीक्षा चालू. मी दुकानात. फोनवर सासू, बायको, पोरगी, तिघी एकदम.
तेव्हापासून कार्डाऐवजी एसएसडी डिस्क. आणि पाय-होल पडला तर राउटरचं डीएनएस (वेबसाइटचे पत्ते कुणाला विचारायचे ते) कसं बदलायचं ते पोरीला शिकवून ठेवलंय. बाराव्या वर्षी माझ्यापेक्षा पटापट करते.

विजापूरवेस_जुना
मूळ धाग्याला सोडून बोलतो. @तुटका_धोटा, त्या फाइलमधला कचरा नक्की कसला आहे? नुसती प्रश्नचिन्हं ओळीनं असतील तर नावं खरंच गेली, अगरबत्ती लावा. पण रोमन 'ए'वर टोपी, मध्येच पैशाची खूण, असलं काही असेल तर अक्षरं आत शाबूत आहेत. एक्सेल फाइल चुकीच्या पद्धतीनं वाचतंय, इतकंच. डबल क्लिक करून उघडू नका. कोरी शीट घ्या, डेटा मेनूतून टेक्स्ट फाइल इम्पोर्ट करा, फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ युनिकोड यूटीएफ-८ निवडा. मात्र मूळ फाइलवर परत सेव्ह केलं नसेल तरच.

तुटका_धोटा
टोप्या आहेत! भरपूर टोप्या! दुकान बंद करून घरी गेलो की बघतो.

सीए_नाही_पण_हिशोबी
मी परत गेलेल्यांपैकी. सगळं घरी आणलं होतं, मेलसुद्धा. बाकी सगळं जमेल, मेलच्या नादाला लागू नका. घरगुती जोडणीवर मेल पाठवायचं पंचवीस नंबरचं पोर्ट बहुतेक ठिकाणी बंदच असतं. म्हणून भाड्याचा सर्व्हर घेतला, मेल खरंच माझीच आहे हे सांगणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क सगळ्या नोंदी केल्या. तरी माझी मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये, कारण त्या सर्व्हरच्या आयपीवर (इंटरनेटवरच्या पत्त्यावर) आधी कुणीतरी काय काय उद्योग केलेले. मार्चअखेर होती. एका पार्टीचं कोटेशन स्पॅममध्ये पडून राहिलं आणि ऑर्डर दुसऱ्याला गेली. तेवढ्या पैशात दहा वर्षांची मेलसेवा आली असती.
फोटो मात्र अजून घरीच.

हुरडा_पार्टी
लाईटचं काय करता तुम्ही लोक? उशाला फताटेवाडीचा १३२० मेगावॅटचा प्रकल्प आणि आमच्या गल्लीत वारा सुटला की अंधार.

कडक_भाकरी
राउटरला छोटा बारा व्होल्टचा यूपीएस, पीसी इन्व्हर्टरवर. बिलाची भीती नको. माझा मोजून बघितला, निवांत असताना १० वॅट. दिवसरात्र महिनाभर म्हणजे ७.२ युनिट. फ्रिज कितीतरी जास्त खातो.

हुरडा_पार्टी
माझ्याकडे जुना मोठा डेस्कटॉप आहे, तो हीटरसारखा तापतो. थंडीत वापरीन.

पुण्यात_अडकलेली
मी पुण्यात, सर्व्हर सोलापूरला आईकडे. आईला तो टीव्हीचा डबा वाटतो, त्यावर तिनं क्रोशाचा रुमाल घातलाय. मी दर सुट्टीत काढते, ती परत घालते.
सुरुवातीला बाहेरून पोचताच येईना, कारण जोडणीला स्वतःचा पब्लिक आयपी नाही. एका आयपीमागे शेकडो घरं, सीजीनॅट म्हणतात त्याला. पोर्ट उघडत बसले तीन रात्री. शेवटी घरापर्यंत खासगी वाट काढणारं टेलस्केल टाकलं, आत वायरगार्ड हे व्हीपीएनच आहे, दहा मिनिटांत झालं. म्हणाल तर ओळख पटवायचं काम त्यांच्या सर्व्हरवर होतं, म्हणजे पूर्ण आपलं नाहीच. हेडस्केल टाकून तेही घरी आणता येतं. माझ्यात तेवढा दम नाही.
संध्याकाळी आई फोटो बघते आणि फोन करते, "त्यात तू वाळलेली दिसतेस". हे मोफत मिळतं.

होटगी_रोड
रुमाल 😂 आमच्याकडे टर्किश टॉवेल आहे त्याच्यावर. सोलापूर आहे शेवटी.

नाव_नको
वाचून लिहावंसं वाटलं. आमच्याकडे सगळं ह्यांनी बसवलं होतं. पासवर्ड व्हॉल्टवॉर्डनमध्ये, कागद, विमा, फोटो, सगळं घरच्या सर्व्हरवर. गेल्या वर्षी डेंग्यूनं नऊ दिवस ॲडमिट होते, चार दिवस धड बोलत नव्हते. त्यात लाईट गेली आणि डबा परत चालूच झाला नाही. विम्याचा नंबर आत, बँकेचा पासवर्ड आत. मी त्या डब्यासमोर बसून रडले, खोटं सांगत नाही. शेवटी विम्याची जुनी पावती देवघराच्या खणात सापडली, सासूबाईंनी ठेवलेली.
आता बरे आहेत. एक वही केली आहे, माझ्या अक्षरात. कुठलं बटण, कुठला पासवर्ड, कुणाला फोन करायचा. त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं, म्हणजे मला कळेल असंच लिहिलं गेलं. दर दिवाळीला ते गावाला गेले की मी एकटी चालू करून बघते.

पत्र्याची_खोली
ताई, आज रात्री वही करतो. हात जोडले.

सीए_नाही_पण_हिशोबी
+१. मुख्य पासवर्ड बंद पाकिटात, मी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलाय.

पंढरीचा_मेहुणा
बॅकअपवर कुणी बोललंच नाही अजून. माझं पाप ऐका. सिंकथिंगनं घरचा आणि दुकानाचा पीसी जोडलेला, दोन्हीकडे सगळं सारखं. मी खुश, बॅकअप आहे म्हणून. एकदा झोपेत २०१९ चं फोल्डर उडवलं. त्यानं इमानदारीनं दुकानातलंही उडवलं. त्याचं कामच ते, दोन्हीकडे सारखं ठेवणं! जुन्या आवृत्त्या ठेवायची सोय असते त्यात, मी चालूच केली नव्हती.
आता दोन डिस्क. एक घरी, एक पंढरपूरला बहिणीकडे, कुलूप घालून म्हणजे एन्क्रिप्ट करून. मेहुणे दर महिन्याच्या एकादशीनंतर येतात, जुनी डिस्क आणतात, नवी नेतात. अधिक मासात जास्तीचा बॅकअप.

कडक_भाकरी
आणि इमिचवाल्यांनी नुसतं फोटोंचं फोल्डर उचलू नका, डेटाबेसही घ्या. अल्बम, नावं, चेहरे सगळं त्यात असतं. नाहीतर एकशे बारा काका पहिल्यापासून.

पाणी_कधी_येणार
आले. टाकी भरली, पिंप भरलं, पातेली भरली. कागदांसाठी मी पेपरलेस-एनजीएक्स वापरते. स्कॅन करून टाकलं की आतला मजकूर वाचून शोधता येतो. मराठी येत नाही असं वाटत होतं, पण आत अक्षरं ओळखणारं टेसरॅक्ट आहे आणि त्याला मराठी येतं. भाषांच्या सेटिंगमध्ये इंग्रजीबरोबर मराठी जोडावी लागते, एवढंच. छापील सातबारा छान वाचतो. तलाठ्याच्या हस्ताक्षरापुढे मात्र त्यानंही हात टेकले. आम्हालाही वाचता येत नाही, त्याला काय बोलू.

हुरडा_पार्टी
अवांतर: पुण्याहून येणाऱ्यांनी शेंगाचटणी कुठून नेता? मागच्या वेळी नेलेली खलबत्त्यातली नव्हती, मिक्सरची होती. तेल सुटलं नव्हतं.

पुण्यात_अडकलेली
आई घरी कुटते. पत्ता देणार नाही.

होटगी_रोड
सर्व्हर आईकडे, चटणी आईकडे. ह्यांचं सगळंच सेल्फ-होस्टेड.

विजापूरवेस_जुना
@तुटका_धोटा काय झालं बे? नावं आली का?

तुटका_धोटा
आली!! सगळी! रात्री साडेअकराला बायकोला उठवून दाखवली. ६५००१. इतकी वर्षं ती फाइल मी कचरा म्हणून सांभाळत होतो. तीनशे चाळीस नावं. त्यातले दोघे वारले, एकाचे माग भंगारात गेले, आणि एकाकडे अजून सतरा हजार आहेत. तो परवाच लग्नात भेटलेला, माझ्या शेजारी बसून जेवला.

विजापूरवेस_जुना
मागा.

सीए_नाही_पण_हिशोबी
तीन वर्षांच्या वर गेलं, कोर्टात वसुलीच्या मुदतीत बसत नाही. प्रेमानं मागा.

पाणी_कधी_येणार
अण्णांच्या वहीत काय आहे ते टाका ना एखादं पान.

तुटका_धोटा
फोटो नंतर टाकतो, आता एक नोंद उतरवतो. १४ जानेवारी: "माग बंद. गड्डा. पोरांना भोपू ८ रु. भोपू सकाळपर्यंत."

होटगी_रोड
८ रुपये? तेव्हा? फसवलं अण्णांना.